ऑफर लेटर आले, आता घर गहाण ठेवायचे का?

दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. "जय भीम दादा, ऑफर लेटर आलंय. पंधरा दिवसांत डिपॉझिट भरायचंय. काय करू?" खाली पत्राचा फोटो. त्याखाली हात जोडलेला इमोजी. आम्ही काही जण गेली काही वर्षे वस्त्यांमध्ये, विहारांमध्ये शिष्यवृत्ती मार्गदर्शनाचे काम करतो, म्हणून हे मेसेज आमच्याकडे येतात. आनंद होतो, आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो.

यंदाचा एक मेसेज परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीचा होता. वडील एसटीत मेकॅनिक, निवृत्तीला तीन वर्षे राहिलेली. आई अंगणवाडीत मदतनीस. मुलगी बी.एस्सी. होऊन दोन वर्षे पुण्यात नोकरी करते, घरी पैसे पाठवते, धाकट्या भावाची फी भरते. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात तिला एक वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी १७,००० पौंड. कन्सल्टन्सीवाल्याने तिला विचारले, "घर कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या? मग काही टेन्शन नाही, लोन होऊन जाईल." तोवर वस्तीत पेढे वाटून झाले होते. विहारात सत्कार ठरला होता आणि बॅनरवर बाबासाहेबांच्या कोलंबियातल्या फोटोशेजारी तिचा फोटो लागणार होता.

या सगळ्यात हिशोब मात्र कोणीच मांडलेला नव्हता. तो मांडू.

ब्रिटिश सरकार व्हिसा देताना राहण्या-खाण्याच्या खर्चाचा एक आकडा धरते. नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनसाठी दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. ही मुलगी लंडनबाहेर राहणार, म्हणजे बारा महिन्यांचे १४,०५२ पौंड. फी धरून ३१,०५२. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, व्हिसाचे शुल्क, विमानाचे तिकीट, थंडीचे कपडे. रुपयांत ही रक्कम पस्तीस लाखांच्या पुढे जाते. समजा ३० लाख कर्ज काढले, व्याज ११ टक्के, आणि शिक्षण व नोकरी शोधण्याच्या दीड वर्षात हप्ता नाही. त्या दीड वर्षात व्याज साठून कर्ज ३५ लाखांच्या आसपास जाते आणि पुढची दहा वर्षे महिन्याला ४८ हजारांच्या घरात हप्ता बसतो. वडील तेव्हा निवृत्त झालेले असतील.

"तिकडेच कमवून फेडीन" हे उत्तर आम्हाला ठरलेले मिळते. शिकताना तिथे सत्र चालू असेपर्यंत आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यातून जेवणखाण निघते, फी निघत नाही. शिक्षण संपल्यावर थांबून नोकरी शोधण्यासाठी जो ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, त्याची मुदत दोन वर्षे होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती १८ महिनेच मिळणार आहे. म्हणजे येत्या सप्टेंबरात जाणारे सगळे या नव्या नियमाखाली येतात. त्यापुढे राहायचे तर कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसा द्यायला हवा आणि त्यासाठी जुलै २०२५ पासून वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड आहे. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी ती ३३,४०० वर येते. एक वर्षाची डिग्री, तिथला अनुभव शून्य, आणि दीड वर्षाची मुदत. जमते काहींना. पण ज्यांना जमत नाही ते परत येतात तेव्हा पुण्यातल्या पगारातून पौंडातले कर्ज फेडायला बसतात.

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. आपल्या मुलामुलींनी परदेशी शिकायला जायलाच हवे, जास्तीत जास्त संख्येने जायला हवे. पण शिष्यवृत्तीवर जा, किंवा जिथे फी नाही वा नाममात्र आहे तिथे जा. घराचे एकमेव छप्पर गहाण ठेवून, कन्सल्टन्सीने निवडलेल्या विद्यापीठात, एक वर्षाच्या डिग्रीसाठी जायची वेळ आली असेल तर थांबा. एक वर्ष थांबा आणि पुन्हा अर्ज करा.

यावर आम्हाला एका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने चांगलेच धारेवर धरले. "सवर्णांची पोरं कर्ज काढून बिनधास्त जातात. आपलं पोर निघालं की तुम्ही हिशोब काढता. हे पाय ओढणंच आहे." राग समजण्यासारखा आहे. पण कर्ज सारखे असले तरी ते पडते कुठे हे सारखे नसते. ज्या घरात दोन फ्लॅट, मामाचा व्यवसाय आणि अमेरिकेत काका आहे, तिथे बुडालेले वीस लाख ही एक वाईट आठवण ठरते. आपल्या घरात ते धाकट्या बहिणीचे कॉलेज, आईचे ऑपरेशन आणि राहते घर, तिन्ही घेऊन जातात.

बँकही हा फरक बरोबर ओळखते. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जासाठी बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. आपल्याकडे तारण म्हणून काय असते? गावठाणातले घर, ज्याची नोंद फक्त ग्रामपंचायतीच्या आठ-अ ला. शहरातली झोपडपट्टी. किंवा १९५८ च्या कायद्याने वतन खालसा झाल्यावर वाटून वाटून वीस गुंठ्यांवर आलेली महार वतनाची जमीन. तीही भोगवटादार वर्ग दोन, परवानगीशिवाय व्यवहार नाही, म्हणून मॅनेजर सातबारा बघूनच बाजूला ठेवतो. मग राहतात खासगी वित्तसंस्था. त्या तारणाशिवाय देतात, चढ्या व्याजाने देतात आणि हप्ता चुकला की घरी माणसे पाठवतात. कन्सल्टन्सीला प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हे तर आपल्या पालकांना ठाऊकच नसते. त्यांना वाटते, साहेब फुकट मदत करतायत, चांगला माणूस आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण "बाबासाहेब गेले होते" हे वाक्य या निर्णयात सगळ्यात वर असते.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट होता. तेव्हा ते परत आले. विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन आले. बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, ते सर्वांना माहीत आहे. पुढे १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे बाजूला टाकले, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे यांची जोड दिली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

जयंतीच्या भाषणात १९१३ येते आणि १९२३ येते. मधली १९१७ ते १९२० ही तीन वर्षे कोणी सांगत नाही. पैसा संपल्यावर बाबासाहेबांनी थांबणे पत्करले, परवानगी हातात ठेवली, कमावले आणि मग गेले. एक वर्ष अर्ज पुढे ढकलल्याने आपण नापास झालो असे ज्यांना वाटते त्यांनी ही तीन वर्षे डोळ्यासमोर ठेवावीत. आणि या सगळ्या काळात घर रमाईंनी कसे चालवले, हेही. मुलगा परदेशी जातो तेव्हा घरातली कोणती बाई त्याची किंमत चुकवते, हा प्रश्न आम्ही प्रत्येक मुलाला विचारतो. बरेच जण गप्प होतात.

शिष्यवृत्तीचा रस्ता सोपा आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तिथेही हिशोब आहे आणि राजकारण आहे.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. जागा १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ३० टक्के मुलींसाठी. देशभरातल्या कोट्यवधींच्या समाजासाठी ११५. वय ३५ च्या आत, ६० टक्के गुण, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, आणि क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मधले विद्यापीठ. फी सरकार भरते. निर्वाह भत्ता अमेरिका वगैरे देशांसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड. आता वरचा आकडा आठवा. ब्रिटिश सरकार व्हिसासाठी नऊ महिन्यांचा खर्च धरते, तोच लंडनसाठी १३,७६१ पौंड होतो. म्हणजे एका सरकारने पूर्ण वर्षासाठी दिलेले पैसे दुसऱ्या सरकारच्या नऊ महिन्यांच्या हिशोबाला ३,८६१ पौंडांनी, सुमारे साडेचार लाख रुपयांनी, कमी पडतात. लंडनमध्ये निवड झालेल्या मुलामुलींना ही फट स्वतः भरावी लागते. कोणी आठ जणांत एक खोली करतो, कोणी रात्रपाळी. लंडन सोडून दुसऱ्या शहरातले विद्यापीठ निवडले तर ही फट बरीच लहान होते, एवढे व्यावहारिक शहाणपण आम्ही देतो. पण भत्ता वाढवा ही मागणी संघटनांच्या निवेदनात दिसली पाहिजे. आम्हाला ती क्वचित दिसते. निवेदने बहुतेक पुतळ्यांची असतात.

२०२२ मध्ये या योजनेच्या नियमांत आणखी एक कलम आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण काय, तर असा अभ्यास भारतातच होऊ शकतो. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला होता. आजच्या नियमाने तो विषय घेऊन निघालेला विद्यार्थी अपात्र ठरेल. ज्या समाजाने जात सोसली त्याच्या मुलांनी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकावी, पण जातीवर परदेशी ग्रंथालयात बसून लिहू नये, असा याचा सरळ अर्थ होतो. आमच्यातले समाजशास्त्राचे विद्यार्थी या एका कलमाने बाहेर फेकले गेले आहेत, आणि त्यावर आपल्या चळवळीने जेवढा आवाज उठवायला हवा होता तेवढा उठवला नाही.

जुलै २०२५ मध्ये तर निवड झालेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे दिली गेली. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर पाहू. बातम्या झाल्या, ओरड झाली. पण सप्टेंबरात वर्ग सुरू होणाऱ्या विद्यार्थ्याला जुलैत "पाहू" म्हणणे म्हणजे काय, हे फक्त त्यालाच कळते. नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, खोली सोडलेली असते.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, जागा ७५. २०२४ मध्ये 'समान धोरणा'च्या नावाखाली तिला दहावीपासून ७५ टक्के गुणांची अट लावली गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, वसतिगृहातून शिकून ऑक्सफर्डने घेतलेल्या मुलाला आपले सरकार सांगत होते की तुझे दहावीचे गुण कमी आहेत. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सोशल मीडियावर उतरले आणि सरकारला ती अट मागे घ्यावी लागली. तो लढा कोणा मोठ्या नेत्याने उभा केला नव्हता. अर्ज भरणाऱ्या, भरलेल्या आणि आधी जाऊन आलेल्या मुलामुलींनी तो चालवला.

बौद्ध म्हणून, म्हणजे अल्पसंख्याक म्हणून, ज्या दोन योजना आपल्याला लागू होत्या, त्या दोन्ही २०२२ मध्ये बंद झाल्या. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी 'पढो परदेश' आणि संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप. आपल्यापैकी बहुतेकांना त्या चालू होत्या हेच कळले नाही, म्हणून बंद झाल्याचे दुःखही झाले नाही.

सरकारच्या पलीकडेही वाटा आहेत. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. कार्यकर्ता म्हणून काम केलेल्यांसाठी ती उत्तम आहे, कारण तिथे गुणांइतकेच तुम्ही लोकांत काय केले हे विचारतात. कॉमनवेल्थ आहे, फुलब्राइट-नेहरू आहे, युरोपातली इरास्मस मुंडस आहे. ग्रामीण भागातल्या, घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना या अर्जांसाठी तयार करण्याचे काम एकलव्य इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था करत आहेत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने अलीकडे मोठी फी सुरू केली आहे, तेवढे अपवाद लक्षात ठेवावेत. मात्र तिथे वर्षाचा खर्च, ११,९०४ युरो, आधीच बंद खात्यात दाखवावा लागतो. एवढ्यापुरते कर्ज काढून, अभियांत्रिकी किंवा विज्ञान शिकायला, भाषा थोडी शिकून कोणी जात असेल तर आम्ही अडवत नाही. ते कर्ज फेडता येण्याच्या टप्प्यात असते.

अमेरिकेबद्दल कार्यकर्त्या मित्रांना एक वेगळी सूचना. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या आणि जूनमध्ये पुन्हा सुरू करताना अट घातली, की अर्जदाराने आपली सोशल मीडिया खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत. तपासणी होते. तुम्ही कोणत्या मोर्चात होता, कोणाविषयी काय लिहिले, हे तिथला अधिकारी वाचू शकतो. घाबरून पोस्ट उडवा असे आम्ही सांगत नाही, पण हे ठाऊक असावे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावल्यापासून "शिकू आणि तिथेच स्थिरावू" हे गणितही पूर्वीसारखे उरले नाही.

जात मागे राहील या आशेनेही काही जण जातात. ती विमानात बरोबर येते. म्हणूनच २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाला आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाला जातिभेदाविरुद्ध नियम करावे लागले, २०२३ मध्ये सिएटल शहराला कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक गव्हर्नरने नाकारले. भारतीय विद्यार्थ्यांच्या खोलीत आडनाव विचारले जाईल, तयारी ठेवा. आणि आंबेडकरी संघटनाही तिथे आहेत, पहिल्याच आठवड्यात त्यांना गाठा. एकटेपणा हा परदेशातला सगळ्यात महाग खर्च आहे आणि तो कोणत्याच तक्त्यात नसतो.

उरली कागदपत्रे. हुशारीपेक्षा कागदांनी आपली जास्त मुले अडवली आहेत. केंद्राच्या योजनेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, बौद्धांनी तो वेळेआधी काढून ठेवावा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला दोन-दोन महिने जातात. पासपोर्टवरचे आणि दहावीच्या सनदेवरचे नाव सारखे आहे का पाहा. आईच्या नावाचे स्पेलिंग हमखास वेगळे निघते. शिफारसपत्र मागितले की प्राध्यापक म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." परदेशी विद्यापीठ ते पत्र थेट प्राध्यापकांच्या ईमेलवर मागते, आणि त्यांचा ईमेल त्यांच्या पुतण्याकडे असतो. हसू येते, पण यात एका मुलाचे पूर्ण वर्ष गेलेले आम्ही पाहिले आहे. आणि डिपॉझिट भरण्याआधी विद्यापीठ शिष्यवृत्तीच्या क्रमवारीत बसते का, हे स्वतः तपासा, कन्सल्टन्सीला विचारू नका.

परभणीच्या त्या मुलीचे विद्यापीठ पहिल्या ५०० मध्ये नव्हते. तिला ते आम्ही सांगितले तेव्हा ती फोनवर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आता बॅनरचं काय करायचं?" तिच्या वडिलांनी तो प्रश्न सोडवला. सत्कार रद्द केला नाही, पुढच्या वर्षी करू म्हणून विहारात सांगून आले. तिने डिपॉझिट भरले नाही. क्रमवारीत बसणारी पाच विद्यापीठे निवडली आहेत, त्यातली दोन जर्मनीतली. नोकरी चालू आहे, शनिवार-रविवार जर्मनचा वर्ग. गेल्या सोमवारी तिने रजा टाकली होती, ट्रान्सक्रिप्टचा अर्ज द्यायला विद्यापीठात गेली होती. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, चलन जुन्या नमुन्यातले आहे, उद्या या.